प्रस्तावना : व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्याची परिभाषा

दुखण्यातून वा अपघातातून माणूस उठतो, जखमा भरून येतात, रुग्णालयातून घरी जाण्याची परवानगी मिळते, नातलग देवापुढे साखर ठेवतात. आणि त्यानंतरच्या पहिल्याच सकाळी सदऱ्याच्या बटणापाशी, तोंड धुण्याच्या तांब्यापाशी, ताटातल्या पहिल्या घासापाशी त्याच्यापुढे जी अडचण उभी राहते, तिची वाच्यता डिस्चार्जच्या कागदावर सहसा झालेली नसते. त्या अडचणीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून, देहात उरलेल्या शक्तीचा अदमास घेऊन, हात वळत असेल तर हाताला वळण लावून आणि वळणारच नसेल तर हाताच्या जागी साधनाची योजना करून, घराच्या मांडणीत फेरफार सुचवून आणि प्रसंगी घरच्या माणसांनाही नव्या सवयी शिकवून, त्या माणसाला त्याच्या नित्याच्या कामांकडे परत नेणारी जी विद्या, तिला आपण व्यवसायोपचार म्हणतो. बोलण्यात मात्र ‘ऑक्युपेशनल थेरपी’ हेच नाव रुळले आहे. प्रस्तुत पुस्तिका त्या विद्येच्या दारापाशी येऊन ठेपलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. त्याला जी वैद्यकीय परिभाषा अवगत असावी लागते ती कशी शिकावी, आणि ती घरबसल्या एखाद्या ऑनलाइन अभ्यासक्रमातून शिकायची झाल्यास त्या अभ्यासक्रमाची मान्यता कोणत्या कसोटीवर पारखून घ्यावी, एवढाच तिचा विषय आहे.

या विद्येचा महाराष्ट्राशी असलेला ऋणानुबंध अभिमानाने सांगावा असा असूनही आमच्या विद्यार्थ्यांना तो बहुधा कोणी सांगितलेला नसतो. १९१७ च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मोजकी मंडळी एकत्र आली आणि तेथे या व्यवसायाची पहिली संस्था स्थापन झाली. त्या मंडळींपैकी जॉर्ज बार्टन हे पेशाने वास्तुविशारद. क्षयाने आणि पुढे डाव्या अंगाच्या पक्षाघाताने जर्जर झाल्यावर कामात औषधी गुण असतो याची प्रचीती त्यांनी स्वतःच्या देहावर घेतली होती. हे बीज मुंबईत आणून रुजविले ते कमला निंबकर यांनी. त्यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. अमेरिकेतील क्वेकर कुटुंबात त्या वाढल्या, १९३० साली विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्यांनी हा देश आपला मानला, आणि दुसरे महायुद्ध संपल्यावर, ज्या वयात बहुतेक माणसे नवे काही शिकण्याचा विचार सोडून देतात त्या वयात, फिलाडेल्फियास जाऊन त्यांनी या विद्येचे रीतसर शिक्षण घेतले. १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा सुरू केली. दोनच वर्षांनी, १९५२ साली, अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव होते. फलटणच्या ज्या मराठी शाळेला आज कमला निंबकर बालभवन म्हणतात, ते नाव याच बाईंचे. परळच्या त्या शाळेतून पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांची परंपरा डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे, बदलापुरातील एखादी मुलगी ‘मला ओटी करायचे आहे’ असे म्हणते तेव्हा ती कोणती अपरिचित परदेशी वाट धरते आहे असे मला कधीच वाटत नाही.

हेंद्रेपाडा ही बदलापूर पश्चिमेची, उल्हास नदीच्या अंगाची वस्ती. येथील घराघरांतून पहाटेच्या लोकलने मुंबईकडे जाणारे चाकरमाने, आणि आता त्यांच्याबरोबरीने पाठीवर दप्तर घेतलेल्या त्यांच्या मुली आणि मुले, असा हा परिसर आहे. त्यांच्यापैकी जे व्यवसायोपचाराचा विचार करतात ते प्रथमच एक प्रश्न घेऊन येतात : ‘वैद्यकीय परिभाषेचा मान्यताप्राप्त ऑनलाइन कोर्स कोठे मिळेल?’ प्रश्न एकच असला तरी विचारणारे दोन निरनिराळ्या परिस्थितींतले असतात, आणि दोघांना एकच उत्तर दिल्यास एकाचे पैसे व्यर्थ जातात आणि दुसऱ्याचे वर्ष.

पहिला विद्यार्थी येथेच शिकू इच्छिणारा. त्याला सांगावयाचे थोडे आहे आणि ते स्पष्ट आहे. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलजवळचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत काय, नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात काय, किंवा राज्यातील अन्य मान्य संस्थांत काय, पदवीचा प्रवेश ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर आणि राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्यांतून होतो. अंतर्वासितेचे सहा महिने धरून अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा आहे. आणि प्रवेशाच्या वेळी परिभाषेचा वेगळा दाखला कोणी मागत नाही. शरीररचना आणि शरीरक्रिया हे विषय पहिल्याच वर्षी असल्यामुळे परिभाषा तेथे आपोआप अंगवळणी पडते. तेव्हा ‘हा दाखला नसेल तर प्रवेश मिळणार नाही’ असे सांगून जो कोणी फी मागेल, त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये. याच्या जोडीला आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. व्यवसायोपचार ज्याच्या कक्षेत येतो तो आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ साली झाला, आणि त्या कायद्याखाली येणारे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. परिभाषेचा एखादा सुटा पाठ घरी बसून शिकायला ही मनाई आड येत नाही. पण व्यवसायोपचाराची पदवीच घरबसल्या देऊ असे जो म्हणतो, त्याच्याशी पुढे बोलणेच वाढवू नये. ज्या विद्येत रुग्णाचा खांदा आपल्या तळहातावर पेलून शिकायचे असते, ती पडद्यावरून पूर्ण शिकता येणार नाही, हे त्या मनाईमागचे तत्त्व मला सर्वस्वी मान्य आहे.

दुसरा विद्यार्थी परदेशी, विशेषतः अमेरिकेत, जाऊन शिकू इच्छिणारा. आणि या पुस्तिकेचा मोठा भाग त्याच्यासाठी खर्ची पडला आहे. आमच्या भागातील मुली लग्न होऊन न्यू जर्सीत वा टेक्ससमध्ये जातात, त्यांच्याजवळ मुंबई विद्यापीठाची मानसशास्त्राची अथवा जीवशास्त्राची पदवी असते, आणि तेथे गेल्यावर या व्यवसायाची त्यांना प्रथमच खरी ओळख होते. काहींची बुद्धी येथे असतानाच तिकडे वळलेली असते. अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायात प्रवेश करावयाचा तर पदव्युत्तर पदवीच लागते. त्या पदव्युत्तर वर्गात घेण्यापूर्वी महाविद्यालये काही विषय आधीच उत्तीर्ण झालेले मागतात : शरीररचना व शरीरक्रिया, संख्याशास्त्र, विकासाचे मानसशास्त्र, विकृतीचे मानसशास्त्र, समाजशास्त्र वा मानवशास्त्र, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जोडीला वैद्यकीय परिभाषा. इतर विषय आपल्या पदवीच्या गुणपत्रिकेत निदान काही अंशी सापडतात. परिभाषा मात्र आपल्या विद्यापीठांत स्वतंत्र विषय म्हणून बहुधा शिकविली जात नाही, आणि त्यामुळे अन्यथा परिपूर्ण अर्ज तेवढ्या एका रकान्यापायी अडून राहतो.

येथे ‘मान्यता’ या शब्दाचा नीट उलगडा करून घेणे प्राप्त आहे, कारण सगळी फसगत याच ठिकाणी होते. मान्यता एक नसून तिचे थर आहेत. व्यवसायोपचाराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मान्यता देणारी अमेरिकेतील परिषद, जिला संक्षेपाने ‘ॲकोट’ म्हणतात, ती त्या अभ्यासक्रमापुरती पाहते. त्याच्या आधी शिकायच्या परिभाषेच्या पाठाशी तिचा काही संबंध नाही, म्हणून ‘ॲकोटमान्य परिभाषा कोर्स’ अशी जाहिरात कोठे दिसल्यास ती खोटी समजावी. परिभाषेचा पाठ देणारे जे महाविद्यालय वा विद्यापीठ असेल त्या संस्थेला स्वतःला मान्यता असावी लागते. तेथे अशी मान्यता देणारी मंडळे आहेत, पूर्वी त्यांचे विभागीय आणि राष्ट्रीय असे दोन वर्ग मानले जात, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या शिक्षणखात्याने २०२० च्या जुलैपासून तो भेद आपल्या दफ्तरी काढून टाकला. तरी प्रवेश देणाऱ्या कित्येक महाविद्यालयांच्या नियमांत ‘विभागीय मान्यता’ हेच शब्द अजून कायम आहेत आणि अर्जदाराला त्या शब्दांनाच बांधील राहावे लागते. त्या शिक्षणखात्याने मान्य संस्थांची यादी सर्वांना पाहण्यासाठी खुली ठेवली आहे. जाहिरातीवरील मुद्रेकडे पाहण्याआधी ती यादी पाहावी.

तिसरा थर याहून सूक्ष्म आहे. परिचारिका, तंत्रज्ञ इत्यादी आधीच नोकरीत असलेल्या लोकांसाठी निरंतर शिक्षणाचे वर्ग असतात, त्यांनाही कोणा ना कोणा मंडळाची मान्यता असते, आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर ‘ॲक्रेडिटेड’ हा शब्द ठळक छापलेला असतो. पण त्यांतून मिळतात ते तास, विद्यापीठाचे ‘क्रेडिट’ मिळत नाहीत. आमच्या वस्तीतील एका मुलीने असाच एक वर्ग पूर्ण केला. तिने अभ्यास मनापासून केला होता, उत्तरे शंभरात नव्वदांवर बरोबर होती, प्रमाणपत्र तिच्या वडिलांनी चौकटीत बसवून घेतले होते. आणि महाविद्यालयाकडून दोन ओळींचे उत्तर आले, की प्रमाणपत्रावर क्रेडिटसंख्या नाही, अक्षरश्रेणी नाही, सबब हा विषय पूर्ण झाला असे धरता येत नाही. त्या मुलीच्या ज्ञानात कोणतीही उणीव नव्हती, उणीव कागदात होती. आणि तो कागद विकणाऱ्याने ही गोष्ट तिला आधी सांगावयास हवी होती असे माझे ठाम मत आहे. ही पुस्तिका लिहावी असे प्रथम मनात आले ते त्या उत्तराची प्रत वाचून.

म्हणून माझे सांगणे असे, की अभ्यासक्रम शोधण्याचा क्रम उलटा करावा. सर्वसाधारणपणे विद्यार्थी आधी स्वस्त वा सोयीचा कोर्स शोधतो, तो पुरा करतो, आणि मग तो कोठे चालेल याची चौकशी करीत हिंडतो. त्याऐवजी ज्या चार-पाच महाविद्यालयांत अर्ज करण्याचा मानस आहे त्यांचे नियम प्रथम मिळवावेत, त्यांच्या प्रवेश कार्यालयास पत्र पाठवावे, आणि त्या पत्रात अमुक संस्थेचा, अमुक नावाचा, अमुक क्रमांकाचा ऑनलाइन पाठ आपणांस मान्य आहे काय, तो किती क्रेडिटांचा हवा, अक्षरश्रेणी लागेल की केवळ ‘उत्तीर्ण’ एवढा शेरा पुरेल, किमान श्रेणी कोणती, किती वर्षांपूर्वीपर्यंतचा पाठ ग्राह्य धरता, आणि अर्जाच्या तारखेस पाठ चालू असेल तर चालेल काय, हे सारे प्रश्न एकाच वेळी विचारावेत. परिभाषेचा पाठ सामान्यतः एक ते तीन क्रेडिटांचा असतो. पण कोणी एकावर संतुष्ट असतो, कोणी तीनच मागतो. कोणी पाच वर्षांहून जुना विषय नाकारतो, कोणी दहा वर्षांपर्यंत चालवून घेतो, आणि एखाद्या ठिकाणी परिभाषेची अट मुळात नसतेच. मान्यतेचा अखेरचा निर्णय घेणारी संस्था ती, जिच्या दारातून आत जायचे आहे. तिचा लेखी होकार हाती आला की उरलेल्या सगळ्या मुद्रा दुय्यम ठरतात. तोंडी वा फोनवरील होकारावर मात्र अवलंबून राहू नये, कारण कार्यालयातील माणसे बदलतात, आणि अर्ज तपासणाऱ्यापुढे फक्त कागद असतो.

अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे हा पाठ अल्प खर्चात देतात, आणि तेथे राहणाऱ्या आमच्या मुलींनी प्रथम त्यांच्याकडेच पाहावे. काही विद्यापीठांनी आरोग्यव्यवसायांच्या पूर्वविषयांसाठी खास ऑनलाइन विभाग उघडले आहेत. मेन राज्यातील युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंड हे त्यांतले एक परिचित नाव. याहून निराळी गोष्ट मुक्त व्यासपीठांची. पिट्सबर्ग विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून रचलेला नैदानिक परिभाषेचा पाठ कोर्सेरावर आहे. तो चांगला आहे, कानाला उच्चारांची सवय लावणारा आहे, आणि अभ्यास म्हणून मी त्याची निःशंक शिफारस करीन. पण त्याच्या प्रमाणपत्राने प्रवेशाची अट भागेल असे गृहीत धरू नये. आपल्या सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ पासून सुरू आहे, आणि २०२१ च्या विनियमांप्रमाणे एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंतचे विषय त्यातून घेण्यास विद्यापीठ परवानगी देऊ शकते. तेथे मिळालेले क्रेडिट येथील विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत चढले तर त्याला वजन येते. सुटे प्रमाणपत्र म्हणून त्याची किंमत समोरच्या संस्थेच्या मर्जीवर अवलंबून राहते. आपली तीन वर्षांची पदवी तेथील चार वर्षांच्या तोडीची धरली जाईलच असेही नाही. गुणपत्रिकांचे मूल्यमापन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून करून घेऊन, मगच पूर्वविषयांचा हिशेब मांडावा.

कागदपत्रांबद्दल या परिसरातील माणसाने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहू नये. २००५ आणि २०१९ च्या जुलैत उल्हास नदीने पात्र सोडले तेव्हा सखल भागांतील घरांतून धान्य गेले, कपडे गेले, आणि त्यांच्याबरोबर लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेल्या गुणपत्रिका आणि दाखलेही भिजून लगदा झाले. दुय्यम प्रतीसाठी विद्यापीठाच्या कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगणे नको. प्रत्येक कागदाची स्वच्छ प्रतिमा काढून ठेवावी, आणि डिजीलॉकरमध्ये जे उतरवून घेता येईल ते आजच उतरवून घ्यावे.

आता परिभाषेकडे वळतो. कारण दाखला हे प्रवेशाचे निमित्त असले तरी शिकायचे आहे ते हेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील शरीररचनाशास्त्रात एकेका अवयवाला इतकी नावे झाली होती की एकूण नावांची संख्या सुमारे ५०,००० वर गेली होती. १८९५ साली बाझल येथे विद्वानांनी त्यांची छाननी करून ती साडेपाच हजारांच्या आसपास आणली, आणि आजची जागतिक नामावली, जिची मोठी सुधारित आवृत्ती १९९८ साली निघाली, तिचा पाया तेथे घातला गेला. ही नावे ग्रीक आणि लॅटिन घटकांनी बनलेली असतात. पूर्वपद, मूळ, प्रत्यय असे त्यांचे तुकडे पाडता येतात, आणि समास सोडवीत शाळा शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला त्यांचे भय वाटण्याचे काहीच कारण नाही. संस्कृत आणि ग्रीक या भगिनीभाषा असल्यामुळे कित्येक घटक त्याला ओळखीचेच वाटतील : ‘डिस्’ म्हणजे आपला ‘दुस्’, ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’, ‘ऑस्टिऑन’ म्हणजे ‘अस्थि’, ‘ओडाँट’ म्हणजे ‘दन्त’. दोनशे-अडीचशे घटक पक्के झाले की हजारो शब्द न पाठ करता उलगडतात.

तरी जेथे जपून चालायचे ती स्थळे ओळखून ठेवावीत. ‘डिसफेजिया’ म्हणजे गिळण्याची अडचण आणि ‘डिसफेझिया’ म्हणजे भाषेची. कानाला अंतर एका व्यंजनाचे, रुग्णाच्या जिवाला ते फार मोठे. ‘ॲब्डक्शन’ म्हणजे अवयव मध्यरेषेपासून दूर नेणे आणि ‘ॲडक्शन’ म्हणजे तिच्याकडे आणणे, म्हणून अनुभवी शिक्षक या दोन्ही शब्दांतली पहिली अक्षरे सुटी सुटी उच्चारतात. ‘इलियम’ हे एक नाव लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचेही आहे आणि नितंबाच्या हाडाचेही, इंग्रजी लेखनात भेद फक्त एका स्वराचा. पायाच्या बाहेरील बाजूच्या मज्जातंतूला पूर्वी ‘पेरोनियल’ म्हणत. १९९८ च्या नामावलीने ‘फिब्युलर’ हे नाव पुढे केले, आणि ‘पेरिनियल’ या अगदी वेगळ्या भागाच्या नावाशी होणारा घोटाळा टाळण्याची मोठी सोय झाली. ऑनलाइन पाठ निवडताना त्यात उच्चार ऐकविले जातात की नाही हे पाहावे, असा माझा आग्रह यासाठीच आहे. डोळ्यांनी शिकलेला शब्द वॉर्डातल्या घाईत कानाला ओळखू येत नाही.

एका आजींचा केसपेपर जवळून पाहू. त्यावर मजकूर एवढाच : ‘लेफ्ट हेमिपॅरेसिस, पोस्ट सीव्हीए, शोल्डर सबलक्सेशन, डिसफेजिया, लेफ्ट निग्लेक्ट, एडीएल डिपेंडंट.’ परिभाषा न जाणणाऱ्याला हा नुसता आवाज. जाणणाऱ्याला मात्र त्यातून सगळे घर दिसू लागते. मेंदूच्या रक्तवाहिनीत घात झाला आहे आणि डाव्या अर्ध्या अंगाची शक्ती क्षीण झाली आहे, पण ‘प्लेजिया’ न लिहिता ‘पॅरेसिस’ लिहिले आहे, अर्थात शक्ती पूर्ण गेलेली नाही आणि आशेला जागा आहे. खांद्याचा सांधा जागेवरून अंशतः सरकला आहे, तेव्हा आजींना उठविताना मुलाने प्रेमाने का होईना पण डावा हात धरून ओढू नये, हे पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे. गिळणे बिघडले आहे, तेव्हा तज्ज्ञाने तपासल्याशिवाय पातळ चहा वा पेज तोंडात घालू नये. आणि डाव्या बाजूची जाणीव मेंदूतून पुसट झाली आहे : आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे वाढतात, आजी ती शिवतही नाहीत, आणि सूनबाईंना वाटते, सासूबाईंची चव गेली किंवा त्या रागावल्या आहेत. डोळे शाबूत असूनही ताटाचा तो अर्धा भाग त्यांच्यापुरता अस्तित्वातच नाही, हे सूनबाईंना समजावून सांगणे, आजींची नजर हळूहळू डावीकडे वळविण्याचा सराव त्या ताटावरच करून घेणे, हे काम व्यवसायोपचारतज्ज्ञाचे. ‘निग्लेक्ट’ हा शब्द ज्याला कळलेला नाही त्याला ही चटणी दिसणार नाही. आणि ज्याने तो शब्द केवळ परीक्षेपुरता पाठ केला आहे त्यालाही ती दिसेलच असे नाही.

‘एडीएल’ म्हणजे नित्यकर्मे. ती मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी बार्थेलची मापनपद्धती १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत दहा बाबी आहेत, बेरीज शंभराची : जेवणे, अंघोळ, केस विंचरण्यासारखी स्वच्छता, कपडे, मलविसर्जन आणि मूत्रविसर्जन यांवरील ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीवर जाणे, चालणे, जिने चढणे. हे माप उपयुक्त आहे आणि विद्यार्थ्याने ते पाठच करावे. पण हेंद्रेपाड्यातील एखाद्या बैठ्या घरात जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे, भारतीय पद्धतीच्या संडासात बसून उठणे, नऊवारीचा काष्टा एका हाताने खोचणे, यांना त्या दहा बाबींत वेगळे खाते नाही. शंभरापैकी नव्वद गुण मिळविलेली बाई आपल्या स्वयंपाकघरात तरीही परावलंबी असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात देहाचे कार्य, व्यक्तीची कृती आणि समाजातील सहभाग अशी तीन अंगे वेगळी मांडली आहेत, आणि परिसराचा विचारही त्यात आहे. या मांडणीमुळे आमच्या घरांतील उंबरठे, मोऱ्या आणि पाट यांची नोंद शास्त्राच्या भाषेत करण्याची वाट मोकळी झाली. ती नोंद करणारी माणसे आमच्यातूनच निघाली पाहिजेत, कारण काष्टा खोचण्यात हाताच्या कोणत्या हालचाली येतात हे फिलाडेल्फियातल्या पुस्तकात लिहिलेले नाही.

यामुळे या पुस्तिकेतील शब्दसूचीत प्रत्येक संज्ञेपुढे इंग्रजी उच्चार, तिचे घटक, मराठी शास्त्रीय पर्याय आणि त्याखाली रुग्णाला सांगताना वापरावयाचे साधे वाक्य, अशी चार अंगे दिली आहेत. चौथ्या अंगावर सर्वांत जास्त श्रम झाले. ‘आंशिक संधिच्युती’ हा पर्याय शुद्ध आहे, पण खाटेशेजारी ‘खांदा जागेवरून थोडा उतरलाय, हात ओढू नका’ असेच बोलावे लागते; आणि परदेशी गेलेल्या विद्यार्थिनीलाही तेथे कधीतरी एखाद्या मराठी आजोबांपाशी उभे राहून हेच वाक्य बोलण्याचा प्रसंग येणार आहे. शुद्धलेखनाच्या वा उच्चाराच्या चुका ज्यांना आढळतील त्यांनी त्या अवश्य कळवाव्यात.

पुस्तिकेचा वापर कसा करावा याबद्दल शेवटचे थोडे. बदलापूरहून परळ वा शीवपर्यंतचा लोकलचा प्रवास एका बाजूस सव्वा-दीड तासाचा असतो, बसायला जागा मिळेलच अशी खात्री नसते, आणि उभ्याने वही उघडणे अशक्य. म्हणून घटकांची सूची दहा-दहांच्या गटांत पाडली आहे, एक गट सकाळी घरी वाचून प्रवासात मनाशी घोळविता येईल एवढाच. महाविद्यालयाला पाठवावयाच्या पत्राचा नमुना मुद्दाम पहिल्या प्रकरणात घातला आहे. ते पत्र प्रथम रवाना करावे, आणि उत्तर येईपर्यंतचे दिवस सूचीतील पहिल्या शंभर घटकांना द्यावेत. उत्तर नकाराचे आले तरी ते शंभर घटक दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमात जसेच्या तसे उपयोगी पडतात, आणि होकाराचे आले तर पाठाचे पहिले दोन आठवडे हलके होतात.

हेंद्रेपाडा, बदलापूर (पश्चिम)